रेघ वाकडी नव्हती

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमचा मेलबर्नहून फोन आला. ताई, तू सांगितलंस की तुला गाडी शिकायचं लायसन्स मिळालं, आणि लगेच विचारलंस, "आजी, व्हेन डिड आजोबा स्टॉप ड्रायव्हिंग?" मी तोंड उघडण्याआधी धाकटा मागून ओरडला, "डॅड सेज ही गॉट स्केअर्ड ऑफ द हायवे!" दोघंही हसलात. वाईट हेतूने नाही, ते मला कळतं. पण फोन स्पीकरवर होता, आणि आजोबा समोरच्या खुर्चीत भिंग धरून शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी तुमच्याशी शाळेचं, हवेचं काहीतरी बोलत राहिले, पण लक्ष बाल्कनीच्या दाराकडे होतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. गॅस बंद आहे ना, हे तीनदा बघून झालं. शेवटी टेबलाशी बसून हे लिहायला घेतलं आहे.

तुम्ही दहा आणि आठ वर्षांचे होतात तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की आजोबांना दर हिवाळ्यात बर्फासाठी विंटर टायर बदलण्याचा कंटाळा आला, म्हणून गाडी चालवणं सोडलं. ते मी रचलेलं होतं. तुमच्या बाबाला डोळ्यांचं ठाऊक आहे, पण गाडीच्या चाव्या आजोबांच्या हातातून कशा सुटल्या ते त्याला आम्ही कधीच नीट सांगितलं नाही. त्याने आपल्या मनाने एक कारण धरलं. त्या दिवशी तिथे मी होते. तेव्हा सांगणं मलाच भाग आहे, आणि सांगायचं तर टेनिसपासून सुरुवात करावी लागेल.

इथे कॅनडात, आमच्या नॉर्थ यॉर्कच्या इमारतीसमोरच्या पार्कात चार सार्वजनिक कोर्टं आहेत. कुंपणाला एक फळी आहे आणि फळीवर ओळीने हुक. कोर्ट रिकामं नसलं की आपली रॅकेट हुकाला लावायची आणि बाकावर बसायचं. कुणी कुणाला "मी आधी आलो" म्हणत नाही, रॅकेटच ते सांगते. आजोबा रिटायर झाले त्याच्या पुढच्या वसंतात त्यांनी कॉलेजनंतर पहिल्यांदा रॅकेट विकत घेतली. पुण्याला इंजिनियरिंगला असताना ते मुरमाच्या कोर्टावर खेळलेले. तिथे चुन्याच्या रेघा असत. चेंडू रेघेवर पडला तर चुना उडायचा आणि सगळ्यांना दिसायचा, वादच नाही. इथे कठीण जमीन आणि तिच्यावर रंग. चेंडू पडतो, उडतो, मागे काही ठेवत नाही.

मी एकोणसाठाव्या वर्षी शिकले. तीस वर्षं लायब्ररीत पुस्तकांना नंबर देण्यात गेलेल्या बाईला नियम वाचल्याशिवाय कोर्टात पाऊल टाकवेना. मी नियमांचं पुस्तक आणलं, वही केली, आणि एकेक नियम मराठीत उतरवून काढला. आजोबा हसले. "अगं, चेंडू जाळ्याच्या वरून आणि रेघेच्या आत. बाकी सगळं टीका-टिप्पणी."

पण मला तर ती टीका-टिप्पणीच आवडली. दुसऱ्यांचा गुण चालू असताना त्यांच्या मागून जायचं नाही, दारात थांबायचं. त्यांचा चेंडू आपल्याकडे आला तर खेळ थांबल्यावर हळू घरंगळत परत द्यायचा. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी गुण मोठ्याने सांगायचे, म्हणजे मागाहून भांडण नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की तुम्ही टीव्हीवर बघता तसा उंच खुर्चीतला पंच पार्कात नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. म्हणजे ज्याचं नुकसान व्हायचं तोच न्यायाधीश. म्हणून पुढचा नियम: नक्की दिसलं नसेल तर चेंडू आत. शंकेचा फायदा समोरच्याला. समोरच्याला वाटलं तर तो एकदा विचारू शकतो, "नक्की ना?" तुम्ही "नक्की" म्हणालात की विषय संपला. तुम्ही चाचरलात तर गुण त्याचा.

आणखी एक नियम मी वहीत तांबड्या शाईने लिहिला होता, कारण तो वाचून मला हसू आलं होतं. दुहेरीच्या सामन्यात एक जोडीदार म्हणाला चेंडू बाहेर आणि दुसरा म्हणाला आत, तर चेंडू आत. जोडीदारांत मतभेद झाला की गुण समोरच्यांचा. मी तो आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा नियम लग्नात लावला असता तर आपण एकही गेम जिंकलो नसतो."

आमच्या समोर खेळायला असत ते नागपूरचे एक प्रोफेसर आणि त्यांची बायको. प्रोफेसर आमच्याही आधी इकडे आलेले, युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झालेले. पस्तीस-चाळीस वर्षं कॅनडात काढूनही त्यांच्या जिभेवरचं नागपूर हललं नव्हतं. मंगळवार आणि गुरुवार सकाळी नऊ वाजता आमची मिश्र दुहेरी. कधीतरी गंमत म्हणून आम्ही बायका एका बाजूला होत असू, पण ते फार टिकायचं नाही. चेंडू दोघींच्या मधून यायचा आणि मी म्हणायची, "वहिनी, तुम्ही घ्या," आणि त्या म्हणायच्या, "नाही हो, तुमचाच आहे," आणि चेंडू मधून निघून जायचा. पलीकडून प्रोफेसर ओरडायचे, "हळदीकुंकू करून राहिल्या काय तुम्ही दोघी? वाण देऊन राहिल्या एकमेकींना!"

आता त्या ऑक्टोबरकडे येते. कोर्टावर मेपलची पानं पडली होती. प्रोफेसरांनी मारलेला एक चेंडू आमच्या मागच्या रेघेबाहेर पडला. हातभर बाहेर. मी पडताना पाहिला. आजोबा त्याच्या अगदी जवळ होते. ते म्हणाले, "गुड!" म्हणजे आत.

मी वळून बघितलं. ते आपल्या जागी निघालेही होते. मला वाटलं, पानांमुळे असेल. मग त्याच सकाळी आणखी एकदा, आणि पुन्हा एकदा. शेवटी प्रोफेसरांनाच राहवेना.

"काय बाप्पा, आज दानधर्म करून राहिले काय?"

"शंका असली की तुमची," आजोबा म्हणाले. "नियम आहे. आमच्या लायब्रेरियनबाईंना विचारा."

सगळे हसले. मीही हसले. शेजारच्या कोर्टावर एक कोरियन गृहस्थ खेळायचे, ते बाकावर मला म्हणाले की तुमच्या नवऱ्यासारखा सज्जन खेळाडू आता बघायला मिळत नाही. मला बरं वाटलं. घरी जाताना मी ते आजोबांना सांगितलं आणि त्यांनाही बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून टोचतं.

मी काहीच ओळखलं नाही असं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, "तीन चेंडू." पुढच्या मंगळवारी लिहिलं, "चार." का लिहिते आहे ते स्वतःला विचारलं नाही. सवयीने लिहिलं म्हणा.

मग बर्फ पडलं, कोर्टाच्या दारांना कुलूप लागलं आणि चेंडू थांबले. मी मात्र थांबले नाही. त्या हिवाळ्यात मी आजोबांच्या नकळत त्यांच्या परीक्षा घेत होते. बस स्टॉपवर उभं असताना विचारायची, "अहो, कितवी बस येतेय ती?" ते म्हणायचे, "येतेय ना? मग झालं." दुकानात डब्यावरची तारीख वाचायला द्यायची. ते डबा माझ्याकडे परत करायचे, "इंग्लिश तुझा विषय." उत्तर प्रत्येक वेळी तयार, प्रत्येक वेळी हसरं, आणि एकदाही उत्तर नाही. चहा ओतताना ते कपाच्या कडेला बोट लावायला लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, "कप गरम आहे का बघतो."

आणि गाडी. ती गोष्ट तर तुम्हाला आठवायला हवी. तेव्हा तुम्ही किचनरला राहत होतात. बाबाचं ऑफिस तिथेच, आणि आई शेजारच्या केंब्रिजच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. एका आड एक शुक्रवारी तिची संध्याकाळची शिफ्ट असायची. त्या शुक्रवारी आम्ही दुपारी निघून फोर-ओ-वन हायवेने किचनरला यायचो, शाळा सुटली की तुम्हाला उचलायचो आणि नॉर्थ यॉर्कला घेऊन जायचो. रविवारी बाबा न्यायला यायचा. मागच्या सीटवर तुम्ही चिप्सवरून भांडायचात आणि आजोबा आरशात बघून म्हणायचे, "शांत बसा, नाहीतर मिसिसॉगाला उतरवीन."

जानेवारीत एकदा हायवेवर चढताना त्यांनी इतक्या उशिरा ब्रेक दाबला की माझी पर्स पुढे उडाली. मागचा ट्रक लांबलचक हॉर्न वाजवत गेला. "काचेवर मीठ बसलंय," आजोबा म्हणाले. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा थर हिवाळ्यात सगळ्यांच्याच काचेवर असतो. त्यांनी काच धुतली, पुढच्या खेपेला पुन्हा धुतली, तिसऱ्या खेपेला घरातून निघण्यापूर्वी कागदाने पुसून लख्ख केली. तरीही गाडी आपल्या पट्ट्यात डावीकडे सरकायची आणि मी पायाखालची चटई दाबत बसायची, जणू ब्रेक माझ्याच बाजूला आहे. मागे तुम्ही झोपलेले असायचात.

तुम्ही विचाराल, आजी, तू बोलली का नाहीस?

पहिलं कारण म्हणजे आमच्या घरात वाचणारी मी आणि बघणारे ते. विमानतळावर पाटी ते शोधायचे, अंधारात पायरी ते सांगायचे, भिंतीवरची तसबीर अर्धा इंच तिरकी आहे हे ते खोलीच्या दारातून ओळखायचे. त्यांना "तुम्हाला दिसत नाही" म्हणायला माझी जीभ वळेना. दुसरं कारण तांबड्या शाईतलं. मी तो नियम वहीतून उचलून घरी आणला होता. जोडीदारांत मतभेद झाला की आपलाच गुण जातो, त्यापेक्षा गप्प राहावं. तिसरं कारण लिहायला नको वाटतं, पण लिहिते. ते चालवेनासे झाले तर तुमचे शुक्रवार संपले असते. माझ्याकडे लायसन्स होतं, पण मी ग्रोसरीला जाण्यापलीकडे गाडी नेलेली नव्हती. हायवेला मी घाबरत होते. आजोबा नाही, मी.

एप्रिलच्या शेवटी कोर्टं उघडली. हिवाळ्यात पडलेल्या भेगा बुजवून त्यांनी नव्याने रंग दिला होता. हिरवी जमीन आणि झगझगीत पांढऱ्या रेघा. पहिल्याच दिवशी आजोबा मागच्या रेघेवर उभे राहिले आणि मान तिरकी करून बघत बसले.

"रेघ वाकडी मारलीय," ते म्हणाले.

"कुठे?"

"ही. मध्ये पोक आलाय बघ. लाट आल्यासारखी."

मी बघितली. मला सरळ दिसली. प्रोफेसर आले, त्यांनी वाकून बघितली. "मले तर बाप्पा बरोबर दिसते. पण तुम्ही इंजिनियर. आम्ही साधी मास्तर माणसं."

आता हे लक्षात घ्या की मी त्या क्षणी घाबरले नाही. मी आनंदले. माझ्या मनाने लगेच हिशेब जुळवला: रेघाच वाकड्या आहेत, म्हणजे त्यांची नजर बरोबर आहे, उलट आमच्या सगळ्यांपेक्षा तीक्ष्ण आहे. गेल्या ऑक्टोबरात रेघा जुन्या होत्या हे मी सोयीने विसरले. आजोबांनी नगरपालिकेला पत्र लिहायचं ठरवलं आणि ते मी लिहिलं. चांगलं पत्र होतं. दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टाची मागची रेघ सरळ नाही, त्यामुळे खेळणाऱ्यांची गैरसोय होते, कृपया तपासणी व्हावी. एका निवृत्त इंजिनियरने हे पाहिलं आहे, असंही लिहिलं. पत्र पेटीत टाकून आले आणि किती महिन्यांनी त्या दिवशी मला भूक लागली.

पत्राचं उत्तर आलं ते जूनमध्ये. शुक्रवारी दुपारी एक वाजता एक कर्मचारी येऊन बघेल. तो नेमका तुमचा शुक्रवार होता. आजोबा म्हणाले, "उत्तम. ते काम उरकून तसंच किचनरला निघू." गाडी पार्कच्या बाजूलाच लावली. मागच्या सीटवर तुमच्यासाठी चकलीचा डबा ठेवला होता.

आलेली बाई पन्नाशीची होती, उन्हाने रापलेली, नारिंगी जाकीट घातलेली. तिने आधी आजोबांना मोठ्या आदराने विचारलं की नेमकं कुठे वाकडं दिसतं. आजोबांनी रॅकेटच्या टोकाने जागा दाखवली. बाईने पिशवीतून दोरी काढली, एक टोक रेघेच्या या कोपऱ्यावर खिळ्याने दाबलं, दुसरं त्या कोपऱ्यावर, आणि दोरी ताणून बोटाने टिचकी मारली. दोरी टणकन वाजली. पांढऱ्या रेघेवर दोरी कडेला कड लागून पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"स्ट्रेट ॲज दे कम, सर," ती म्हणाली.

आजोबा दोरीजवळ गेले. गुडघ्यावर बसले. मग मला मराठीत म्हणाले, "हिची दोरीही वाकडी आहे."

ताणलेली दोरी वाकडी असू शकत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर त्यांनी ओळंबा आणि दोरी लावून भिंती तपासल्या होत्या. ते वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांनी ते ऐकलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी डावा डोळा मिटला आणि दोरीकडे पाहिलं. मग उजवा मिटून पाहिलं. पुन्हा डावा मिटला. त्या वेळी ते जास्त वेळ तसेच राहिले. बाईला काही कळत नव्हतं, पण तिने घाई केली नाही. नंतर आजोबा उठले, तिचे आभार मानले, तिला वेळ फुकट घालवायला लावल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, लोक एवढ्या काळजीने रेघा बघतात हे छान आहे. दोरी गुंडाळून ती गेली.

आम्ही गाडीपाशी आलो. आजोबांनी चाव्या काढल्या. मी दाराला हात लावला नाही.

"बस ना," ते म्हणाले. "अडीचच्या आत पोचायचंय."

"अहो, दोरी सरळ होती."

"ऊन आहे. पांढऱ्यावरून चमक येते."

"तुमचा उजवा डोळा."

"संध्याकाळी बघू. पोरं शाळेबाहेर उभी राहतील."

मी म्हणाले, "आऊट."

मोठ्याने म्हणाले. कोर्टावर म्हणतात तसं. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर खेळले, पण त्यांनी आत म्हटलेल्या चेंडूला मी कधी बाहेर म्हटलं नव्हतं. बाकावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

आजोबांना एकदम हसू आलं. खरंखुरं हसू. "लायब्रेरियनबाई, तांबडी शाई विसरलात? जोडीदारांत मतभेद झाला तर चेंडू आत."

"आत्ता मी तुमच्या बाजूला नाही," मी म्हणाले. "पोरांच्या बाजूला आहे."

ते हसायचे थांबले. चाव्या मुठीत होत्या. रस्त्यावरून एक बस गेली, ती पूर्ण जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग अगदी शांतपणे, खेळात विचारतात तसं, विचारलं, "नक्की?"

एकदाच विचारायचं असतं. आणि मी चाचरले असते तर ते गाडीत बसले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं होतं: तुमचे शुक्रवार, फोर-ओ-वनवरचे ट्रक, आणि हा माणूस, ज्याला मी लोकांसमोर रस्त्यावर उभं करून सांगत होते की तुम्हाला दिसत नाही.

"नक्की," मी म्हणाले. "ऑक्टोबरपासून. तारखा लिहिल्यात."

त्यांनी चाव्या माझ्या हातात ठेवल्या. वाद घातला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गाडीला वळसा घालून गेले आणि माझ्या जागी बसले. नातवंडांनो, एवढंच आहे. यात घाबरणं कुठे आहे ते तुम्हीच बघा.

घाबरले मी. सगळ्यात उजवीकडच्या पट्ट्यातून, ऐंशीच्या वेगाने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मी फोर-ओ-वनवरून किचनरला गेले. सगळा कॅनडा आम्हाला ओलांडून गेला. आजोबा समोर बघत बसले होते. फक्त मिल्टन गावाच्या पुढे म्हणाले, "आरसा बघत जा." तुम्ही शाळेबाहेर दप्तरांवर बसला होतात, आम्ही पन्नास मिनिटं उशिरा पोचलो होतो. ताई, तू म्हणालीस, "व्हाय इज आजी ड्रायव्हिंग?" आणि मी विंटर टायरचं काहीतरी सांगितलं. जूनमध्ये विंटर टायर! तुम्ही लहान होतात, विश्वास ठेवलात.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना बारीक चौकड्यांचा एक कागद दाखवला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. "या रेघा सरळ दिसतात का?" आजोबा म्हणाले, "नाही. पण त्या सरळ आहेत हे मला आता माहीत आहे." डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी रक्त झिरपत होतं. त्यामुळे सरळ रेघ लाटेसारखी दिसते, मग मधला भाग पुसला जातो. बाईंनी विचारलं, केव्हापासून. मी पर्समधून वही काढून शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण ती नजर मला अजून सोडत नाही. आठ महिने. मी आठ महिने चेंडू मोजले होते.

उजव्या डोळ्यासाठी उशीर झाला होता. डाव्याला नुकतीच सुरुवात होती. तेव्हा डोळ्यात देण्याची नवी इंजेक्शनं आली होती, ती दर महिन्याला सुरू केली. मी गाडीने त्यांना घेऊन जायची. वर्षभरात मला हायवेची सवय झाली आणि तुमचे शुक्रवारही, थोड्या उशिराने, चालू राहिले, तुम्ही मेलबर्नला जाईपर्यंत. नंतर दवाखान्याला सबवेची भुयारी रेल्वे सोयीची म्हणून गाडी विकली.

प्रोफेसरांना सांगायचं काम आजोबांनी स्वतः केलं, बाकावर बसून. प्रोफेसरांनी हातातली रॅकेट बाकावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तो दानधर्म नव्हता तर! अन् मी घरी सांगून राहिलो का इंजिनियर संत झाला." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "मले दिसत होतं ना, चेंडू बाहेर होते ते. पण कॉल तुमचा. जिंकून राहिलो होतो, म्हणून मीही गप्प." वहिनी म्हणाल्या, "यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, विचारा म्हणून." म्हणजे आम्ही तिघांनीही पाहिलं होतं. शिष्टाचार सगळ्यांनी पाळला होता.

एक दिवस मी आजोबांना विचारलं की मी ऑक्टोबरातच बोलले असते तर? ते म्हणाले, "तेव्हा मी 'नक्की का' विचारलं असतं आणि तू चाचरली असतीस." माझं मन राखायला म्हणाले, का त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मी पुन्हा विचारलं नाही. विचारायचं एकदाच असतं.

ताई, तू आता गाडी चालवणार आहेस. तुमच्या बाबाने पुढच्या महिन्यात डोळे तपासून घ्यावेत, असं मी त्याला वेगळं कळवते आहे, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे घराण्यात उतरू शकतं. आणि तुम्हा दोघांना कधी कुणाचं काही चुकताना दिसलं, माणूस कितीही मोठा असो, तर वहीत लिहू नका. तोंडाने सांगा.

हे पत्र मी आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मिल्टनच्या पुढे नव्हे, अलीकडे. तेवढी एक दुरुस्ती त्यांनी सुचवली आणि बाकी राहू दे म्हणाले.

मंगळवार-गुरुवार आम्ही अजून पार्कात जातो. वहिनींचा गुडघा गेला, त्या बाकावरून बघतात. आम्ही तिघंच खेळतो, प्रोफेसर एकटे पलीकडे. आमच्या बाजूच्या सगळ्या रेघा मी बघते आणि मोठ्याने सांगते. आजोबांना उजव्या डोळ्याच्या मध्यभागी आता काही दिसत नाही. डाव्या डोळ्याला रेघा सरळ दिसतात.